चर्चच्या मंडळीतले लोक तास-तासभर प्रार्थना करतात, मला दहा मिनिटंही जमत नाहीत. माझा विश्वास कमी आहे का?

नाही. बायबलमधल्या मत्तय २५ मधला तालंतांचा दाखला (येशूची बोधकथा) नीट वाचा. धनी तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक तालंत, म्हणजे मोठ्या रकमा, सोपवून जातो. पाचवाल्याने पाच मिळवले, दोनवाल्याने दोनच. धन्याची शाबासकी मात्र दोघांना सारखीच. बोलणी खाल्ली ती एकवाल्याने, कारण त्याने तो पुरून ठेवला होता.

तेव्हा दहाच मिनिटं धरा, पण रोज आणि ठरल्या वेळी. मार्कच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत. रोज अर्धा वाचला तर ३२ दिवस. वाचल्यावर वहीत एक ओळ, त्यावरूनच दोन वाक्यं प्रार्थना. गाडी बहुधा अडते ती खाडा पडल्यावर: लोक चार दिवसांचं एका बैठकीत भरून काढायला जातात, दमतात नि सोडून देतात. राहिलेल्या भागापासून पुढे चला, बस्स.

आणि शेजारच्या बाकावरचा किती वेळ गुडघ्यांवर असतो? योहान २१ मध्ये पेत्रानेही दुसऱ्या शिष्याबद्दल अशीच चौकशी केली होती. येशूकडून ‘तुला त्याचं काय?’ असं उत्तर मिळालं.