व्हॅनमध्ये इंटरनेट नसताना ऑटोमेशन

इंटरनेट नाही म्हणून अडून बसू नका. होम असिस्टंट हे उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच चालतं. दिवे, पंखा, टाकीचा सेन्सर यांना व्हॅनमधला छोटा राउटर किंवा झिगबी (कमी विजेवर चालणारी वायरलेस जोडणी) डोंगल पुरतो. वस्तू घेताना एवढंच बघा, कंपनीच्या क्लाउडशिवाय, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरशिवाय, ती चालते का? बरीच वायफाय उपकरणं इथेच दगा देतात.

घड्याळाकडे मात्र सगळे दुर्लक्ष करतात. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ मागे पडते आणि संध्याकाळचे दिवे भलत्याच वेळी लागतात. डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल जोडून घ्या, खरंच. मुक्काम बदलला की होम असिस्टंटमधलं ठिकाणही बदला, नाहीतर सूर्यास्त जुन्याच गावाचा धरला जाईल.

अपडेट आणि बॅकअप निघण्याआधी उरका. पाण्याच्या पंपाला हाताचं बटण ठेवाच.