जुनं मशीन काढू की ठेवू?

प्रश्न: गालिच्यासाठी घेतलेला आमचा जुना व्हॅक्यूम क्लीनर हल्ली ठिणग्या उडवतो, जळका वास येतो. मुलगा म्हणतो, भंगारात द्या, नवा घेऊ.
– एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर: आजी, घाई नको. प्लग काढा आणि मशीन मुलाच्याच हाती तापकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, दुरुस्तीला धाडा. बहुतेकदा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात: मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, बोटाच्या पेराएवढे तुकडे, किरकोळ किमतीचे. आर्मेचरच, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भागच, जळलं असेल तर मात्र पैसे घालू नका. धुळीची पिशवी शेवटची कधी बदललीत? ती गच्च भरली की हवा अडते, मोटर तापते. ओला गालिचा साध्या मशीननं साफ करू नका. नवंच घ्यायचं ठरलं, तर दुकानदाराला आधी विचारा, ‘सुटे भाग मिळतात का?’ तो घुटमळला, तर पुढचं दुकान गाठा.