वाट्याचं न वापरलेलं पाणी आपल्या नावावर जमा राहतं का?

तुम्ही विचारलंय की तापी खोऱ्यात महाराष्ट्र आपल्या वाट्याचं सगळं पाणी वापरत नाही, मग उरलेलं पाणी आपल्या खात्यावर जमा होतं का आणि पुढे कधी मागता येतं का. मी चाळीसगावकडचा शेतकरी आहे. गिरणेच्या कालव्यावरच्या आमच्या पाणी वापर संस्थेचा जमाखर्च मी लिहितो. त्या अनुभवावरून सांगतो: हक्क शिल्लक राहतो, पाणी राहत नाही. ही दोन खाती वेगळी न ठेवल्यामुळेच आपल्याकडे या विषयावर नुसती भांडणं होतात.

तापीच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा 191.40 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि मध्य प्रदेशाचा 70 टीएमसी. हे आकडे 75 टक्के विश्वासार्हतेचे आहेत, म्हणजे शंभरपैकी साधारण 75 वर्षं खोऱ्यात निदान एवढ्या वाटपापुरतं पाणी येईल असं धरून काढलेले. त्यामुळे ‘191 पैकी इतकंच वापरलं, बाकी गेलं’ असं म्हणताना त्या वर्षी आलं किती होतं, हे आधी विचारायला हवं. दुष्काळी वर्षात कागदावरची शिल्लक नदीत नसतेच.

मग न वापरलेलं पाणी असतं कुठे? बरंचसं अडवायची सोयच नाही म्हणून गेलेलं असतं. अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण कित्येक वर्षं रखडलं. तिथे न अडलेलं पाणी सारंगखेडा, प्रकाशा करत गुजरातमधल्या उकाई धरणात जातं आणि गुजरातच्या कामी येतं. ‘मागच्या दहा वर्षांचं आमचं परत द्या’ असं कुणाला म्हणता येणार नाही, कारण ते पाणी आता कुठेच नाही. पुरात तापीवरच्याच हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडतात तेव्हा वाहून जातं तेही असंच. हतनूरमध्ये गाळ साचलाय, त्यामुळे जागा आणखी कमी.

पुराच्या पाण्याबाबत नर्मदा पाणीतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यातली तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. सरदार सरोवरातून वीजसुद्धा न करता पाणी समुद्राकडे वाया जायला लागलं की गुजरातने इतर राज्यांना तसं कळवायचं. तेवढ्या काळात कुणीही ते वापरावं, त्याच्या वाट्यात ते मोजायचं नाही, आणि त्या वापरावरून पुढे हक्कही सांगायचा नाही. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. वरच्याला कायम भीती असते की आज खालच्याने माझं पाणी वापरलं तर उद्या तो वहिवाट सांगेल. त्याच निवाड्यात महाराष्ट्राला 10.89 टीएमसी मिळालंय आणि ते नंदुरबारच्या डोंगराळ भागातून आणायचंय. तिथेही हक्क आधी आला, बोगदे आणि कालवे मागे राहिले.

खरी शिल्लक एकच, धरणात उरलेली. आणि इथेच आमच्या वहीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समजा, संस्थेला रब्बीत 10 लाख घनमीटर मंजूर आहेत आणि चारीच्या (कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाच्या) तोंडाशी मोजून 7 लाख घेतले. वही म्हणते 3 लाख शिल्लक. पण आवर्तन (धरणातून कालव्याला सोडलेली पाण्याची पाळी) चालूच होतं आणि आम्ही फक्त आमचं गेट बंद केलं, तर ते 3 लाख कालव्याने पुढे गेले: शेवटच्या गावांना मिळाले, नाहीतर नाल्यात उतरले. गिरणा धरणात ते नाहीत. धरणावरून सोडलेला विसर्ग तेवढा कमी केला असेल तरच ते वाचले. म्हणून चारीची मोजणी आणि धरणावरची मोजणी शेजारी शेजारी लिहावी लागते. वर उन्हाळ्याचं बाष्पीभवन वजा करायचं. खान्देशातल्या एप्रिल-मेमध्ये ते किती असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

विहिरींचं वेगळंच. पाटातून पाझरलेलं पाणी विहिरीत येतं आणि त्यावर केळी उभी राहते. कालव्याच्या हिशोबात ती गळती, शेतकऱ्याच्या हिशोबात बागायत. कालव्याला अस्तर करून ‘एवढं पाणी वाचवलं’ असं कुणी जाहीर केलं, तर खालच्या विहिरींची पातळी किती उतरली तेही त्याच पानावर लिहायला हवं, नाहीतर एकच पाणी दोनदा मोजलं जातं.

आपल्या पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत हा घोळ कमी होता. तिथे बंधाऱ्यावर येईल त्या पाण्याचे हिस्से पडायचे, ठरलेले घनमीटर नव्हेत. पाणी कमी आलं की सगळ्यांचं कमी. राज्याराज्यांतही वाट्याबरोबर त्या वर्षीच्या आवकेचं प्रमाण लावलं, तर निम्म्या तक्रारी मिटतील असं मला वाटतं.

तुम्हाला खरंच हिशोब तपासायचा असेल तर 1 जुलै ते 30 जून असं पाणी वर्ष धरा. वर्षाच्या सुरुवातीचा धरणसाठा, त्यात आवक मिळवा. त्यातून कालव्याला, पिण्याला आणि उद्योगांना दिलेलं पाणी, बाष्पीभवन आणि नदीत सोडलेलं वजा करा. उरेल ते 30 जूनच्या साठ्याशी जुळायला हवं. भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा इथे नदीचा प्रवाह केंद्रीय जल आयोग मोजतो, ते आकडे पडताळणीला घ्या. फरक मोठा आला तर आधी मोजमाप तपासा, चोरीचा संशय नंतर. आमच्या चारीवर फ्लूममध्ये (पाणी मोजायच्या अरुंद नाळेत) साचलेल्या गाळानेच आकडा चुकत होता.