डॅलसजवळ शिकणाऱ्या मावसभावाला अटक झाली आहे. तो कुठल्या जेलमध्ये आहे हे कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: भाऊ यूटी डॅलसला (टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत) एमएस करतोय, शनिवारी रात्री त्याला पोलीस घेऊन गेले, रूममेटला त्यापलीकडे काही ठाऊक नाही, मावशी-काका पुण्यात फोनशी बसून आहेत, आणि एक वेबसाईट ‘अटकेचं रेकॉर्ड सापडलं आहे’ असं दाखवून ते उघडायचे डॉलर मागतेय.

पैसे भरू नका. तुम्हाला हवी ती माहिती टेक्सासमध्ये फुकट मिळते, आणि त्या वेबसाईटपेक्षा ताजी मिळते. मी वकील नाही. डॅलसच्या उत्तरेला बरीच वर्षं राहतोय, आणि मराठी मंडळींत अशी वेळ आली की शोधाशोध करणाऱ्यांत मी असतो, म्हणून लिहितोय.

पहिली अडचण अशी की अमेरिकेत अटक झालेल्यांची देशभराची एक यादी नाहीच. अटकेनंतर माणसाला बहुतेक ठिकाणी ठेवतात ते काउंटी जेलमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि काउंट्या आहेत तीन हजारांच्या वर. एकट्या टेक्सासमध्ये २५४. तिथे प्रत्येक काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, निवडून आलेला, जेल त्याच्या ताब्यात, यादीही त्याचीच, आणि ती कशी दाखवायची हेही त्याच्याच हातात. आपल्याकडे गाव ठाऊक नसेल तर गट नंबर हातात असूनही सातबारा निघत नाही, तसंच हे. म्हणून ‘डॅलसला पकडलं’ एवढ्यावर शोधू नका. काउंटी कुठली, हे आधी ठरवा.

तुमच्या भावाच्या बाबतीत नेमकी इथेच गोम आहे. यूटी डॅलस आहे रिचर्डसन गावात, आणि डॅलस काउंटी व कॉलिन काउंटी यांची हद्द त्या कॅम्पसमधूनच जाते. डॅलस शहराचं उत्तर टोकही कॉलिनमध्ये मोडतं. म्हणजे पत्त्यावर ‘डॅलस’ लिहिलेलं आणि घर कॉलिन काउंटीत, असं इथल्या विद्यार्थ्यांचं सर्रास असतं. फ्रिस्कोकडे पार्टीला गेला असेल तर आणखी पंचाईत, कारण ते गाव कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. शिवाय तो राहतो कुठे यापेक्षा पकडला कुठे हे महत्त्वाचं. रूममेटला एवढंच विचारा: कुठल्या रस्त्यावर, आणि गाडीवर कुठल्या पोलिसांचं नाव होतं? रिचर्डसन, प्लेनो, डॅलस की विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस? हे कळलं की निम्मं काम झालं. नाहीच कळलं तर डॅलस, कॉलिन आणि डेंटन या तिन्ही ठिकाणी शोधा. तिन्हींकडे ऑनलाइन शोध आहे.

गूगलवर ‘डॅलस काउंटी जेल लुकअप’ किंवा ‘कॉलिन काउंटी इनमेट सर्च’ टाकलंत तर वरच्या दोन-तीन ओळी बहुतेक जाहिरातींच्या असतील. पत्ता बघून आत जा. सरकारी साईट काउंटीच्या किंवा शेरीफच्या नावाने असते: डॅलसची डॅलसकाउंटी डॉट ऑर्ग, कॉलिनची कॉलिनकाउंटीटीएक्स डॉट गव्ह. क्रेडिट कार्ड मागितलं की समजा तुम्ही भलतीकडे आलात. काही काउंट्यांच्या साईट भारतातून उघडतच नाहीत. तसं झालं तर इथल्या कुणाला तरी, त्या रूममेटलाच, बघायला सांगा.

आता नाव टाकताना. जन्मतारीख आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टचा मुलगा ८ मे असा शोधला तर सापडणार नाही, हे उघड आहे, पण घाबरलेली माणसं हेच करतात. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. तेवढ्यावर सापडलं नाही तर आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाकून यादी बघा, कारण रात्री दोन वाजता ते नाव टाइप करणाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असतं. आपल्या नावातलं वडिलांचं नाव कधी पहिल्या नावाला चिकटतं, तर कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतं. काकांच्या नावानेही एकदा शोधून पाहा.

सापडला नाही म्हणजे त्याला पकडलंच नाही असं नाही. अटक झाली की आधी बऱ्याचदा शहर पोलिसांच्या कोठडीत काही तास जातात, मग काउंटीकडे रवानगी होते. तिथे बुकिंग: बोटांचे ठसे, फोटो, खिशातल्या वस्तूंची नोंद, तब्येतीचे प्रश्न. मोठ्या जेलमध्ये शनिवार-रविवारी याला अर्धा-पाऊण दिवस सहज लागतो, आणि तोवर नाव यादीत चढत नाही. दर दोन-तीन तासांनी बघत राहा. सोबत फोनही करा. जेलचा फोन रात्रंदिवस चालू असतो, आणि नाव व जन्मतारीख दिली की ‘आमच्याकडे आहे’ किंवा ‘नाही’ एवढं साधारणपणे सांगतात. कोण बोलतंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. आठशेपासून सुरू होणारा टोल-फ्री नंबर भारतातून सहसा लागत नाही, साधा नंबर शोधा.

आणि सुटला असेल तरीही नाव दिसणार नाही. बऱ्याच काउंट्यांच्या पानावर फक्त आता आत असलेले लोक दिसतात, बाहेर पडला की नाव गायब. म्हणून पान सापडलं की लगेच स्क्रीनशॉट घ्या. बुकिंग नंबर, गुन्ह्याचं नाव, बाँडची (जामिनाची) रक्कम, अटक करणाऱ्या खात्याचं नाव, एवढं वकील पहिल्या फोनवर विचारतो.

त्या पानावर गुन्ह्यासमोर काय लिहिलंय ते वाचून मावशींना लगेच फोन करू नका. बुकिंगच्या वेळचा आरोप अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने लावलेला असतो. सरकारी वकील पुढे तो बदलू शकतो किंवा सोडूनही देऊ शकतो. एक उदाहरण देतो, कारण मराठी घरांत यावरून फार गोंधळ होतो. अविवाहित मुलाच्या नावापुढे ‘असॉल्ट, फॅमिली व्हायोलन्स’ दिसतं आणि घरच्यांना वाटतं पोरानं परस्पर लग्न केलं की काय! टेक्सासच्या कायद्यात एका छपराखाली राहणारे सगळे एकाच ‘हाउसहोल्ड’चे धरतात, नातं असो वा नसो. भांडी कुणी घासायची यावरून रूममेटशी धक्काबुक्की झाली, तरी आरोप घरगुती हिंसेचा लागू शकतो. (तुमच्या भावाचं असंच काही असेल, तर रूममेटला ‘त्यापलीकडे काही ठाऊक नाही’ याचा अर्थ वेगळा निघतो. जपून बोला त्याच्याशी.) ‘डीडब्ल्यूआय’ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. टेक्सासमध्ये पहिल्या खेपेला तो सहसा क्लास बी मिसडिमीनर, म्हणजे फेलनीच्या (गंभीर गुन्ह्याच्या) खालचा गुन्हा, पण जास्तीत जास्त १८० दिवस जेल होऊ शकते.

रकान्यात ‘होल्ड’ किंवा ‘डिटेनर’ दिसलं आणि पुढे आइस असेल, तर इमिग्रेशन खात्याने त्याच्यावर हक्क सांगितला आहे. अशा वेळी बाँड भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, कारण काउंटीच्या दारातून सुटका होऊन तो सरळ आइसच्या गाडीत बसू शकतो. मग काउंटीच्या यादीत नाही म्हणून घाबरू नका, आइसच्या डिटेनी लोकेटरवर शोधा. तिथे नाव आणि जन्माचा देश लागतो, आणि स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं.

टेक्सासमध्ये अटकेनंतर ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेतात. तिथे त्याला त्याचे हक्क समजावून सांगतात आणि बहुधा तिथेच बाँड ठरतो. पूर्ण रक्कम रोख भरली तर, तारखांना तो हजर राहिला तर, खटला संपल्यावर जवळपास सगळी परत मिळते. बाँड एजंटाकडे गेलात तर तो साधारण १० टक्के घेतो आणि ते कधीच परत येत नाहीत. दुसऱ्या राज्यातल्या कुणी हे वाचत असेल तर: न्यू जर्सीत २०१७ पासून रोख जामीन जवळपास बंद आहे आणि इलिनॉयमध्ये सप्टेंबर २०२३ पासून पूर्ण बंद. तिथल्या मुलासाठी कुणी जामिनाचे पैसे मागितले तर आधी संशय घ्या.

टेक्सासमध्येही घ्या. ही यादी तुम्हाला दिसते तशी भामट्यांनाही दिसते. नाव, आरोप, रक्कम वाचून ते घरी फोन करतात, ‘शेरीफ ऑफिसमधून बोलतोय’ म्हणतात, आणि झेलने (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) किंवा गिफ्ट कार्डने लगेच पैसे पाठवा म्हणतात. कुठलंही शेरीफ ऑफिस गिफ्ट कार्ड घेत नाही. फोन ठेवा, जेलचा नंबर स्वतः शोधून लावा. ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन पुण्यात येतातच, हा त्याचाच अमेरिकी भाऊ.

त्या पैसे मागणाऱ्या वेबसाईटबद्दल थोडं. या कंपन्या काउंटीच्या पानांवरून नावं आणि फोटो उचलतात आणि विकतात. काही तर फोटो काढून टाकायचेही पैसे घेत. टेक्सासने २०१३ मध्ये कायदा करून अशा साईटना त्यासाठी पैसे घ्यायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये अशाच एका साईटच्या ४ कथित मालकांवर खंडणीचा आरोप ठेवला गेला. तरी धंदा चालूच आहे. खटला रद्द झाल्यावर टेक्सासमध्ये ‘एक्सपंक्शन’ मिळवून सरकारी नोंद पुसता येते, पण तोवर उचललेली नक्कल कुठे कुठे गेली असेल ते सांगता येत नाही. आपल्याकडेही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची नावं पोलीस ठाण्यात लावायची असतात, पण इथे फोटोसकट सगळं इंटरनेटवर येतं, आणि तेही आरोप सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी. मला हे कधीच पटलेलं नाही. पण आज तुम्हाला त्याचाच उपयोग आहे.

भाऊ सापडला की तो फोन करेल, बहुधा रूममेटला, कारण जेलमधून परदेशात फोन लागणं अवघड. रूममेटला जेलच्या फोनसाठी प्रीपेड खातं उघडायला सांगा. त्या फोनवर ‘काय झालं रे?’ हे मात्र विचारू नका. कॉल रेकॉर्ड होतात आणि सरकारी वकील ते ऐकू शकतो. मराठीत बोललात म्हणून सुटलात असं नाही, भाषांतर करणारे मिळतात. तब्येत विचारा, वकील बघतोय म्हणून सांगा, आणि वकील येईपर्यंत पोलिसांशी घटनेबद्दल बोलू नकोस म्हणा. वकील परवडत नसेल तर कोर्टाकडे मागता येतो. कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर तसा सल्ला अशीलाला देणं बचावाच्या वकिलावर बंधनकारक आहे, असा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलाने ‘दंड भरून मोकळं होऊ’ म्हणून काहीही कबूल करण्याआधी वकिलाकडून हे विचारून घ्यायलाच हवं. पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न येतो, आणि शिक्षा झाली नसली तरी उत्तर ‘हो’च द्यावं लागतं.

टेक्सास ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीकडे (कॉन्सुलेटकडे) येतं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाने मागितलं तर वकिलातीला कळवावं लागतं. भारताच्या बाबतीत ते आपोआप होत नाही, त्याने स्वतः तसं सांगावं लागतं. मावशी-काका पुण्याहून वकिलातीला ईमेल करू शकतात. जामीन वकिलात भरत नाही, पण वकिलांची यादी देते आणि त्याला भेटायची परवानगी मागू शकते.

एक राहिलं. तुमच्या प्रश्नात त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख दिसतेय. मी इथे मुद्दाम लिहिली नाही. प्रश्न संपादित करून ती आत्ताच काढून टाका.