जर्मनीला यायचं म्हणतोस, तर

चार वर्षं सातारा एमआयडीसीत सीएई, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टची ताकद तपासायचं काम, करतोय, इंगोलश्टाटकडच्या एका सर्व्हिस कंपनीची ऑफर आलीय, बायको आणि दुसरीतली मुलगी सोबत येणार, तर यावं का, असं विचारलंयस. ब्लू कार्ड (इथं राहून नोकरी करायचा परवाना), पगाराची अट, कागदांची यादी हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे. ते मी परत लिहीत नाही.

आधी कामाचं. सॉफ्टवेअर सगळीकडे तेच. हायपरमेश इथंही हायपरमेशच, अबॅकस अबॅकसच, आणि दोन पार्टच्या कॉन्टॅक्टचं गणित कन्व्हर्ज होईना, उत्तरच येईना, की इथलाही माणूस डोकं धरूनच बसतो. फरक हा, की चित्रातल्या नुसत्या लाल ठिपक्याला, म्हणजे जास्त ताणाच्या जागेला, इथं कुणी विचारत नाही. फिलेटवरचा (गोलसर कोपऱ्यावरचा) स्ट्रेस खरा की तू पार्ट जखडायला कन्स्ट्रेंट टाकल्यामुळं आलेला, मेश (हिशेबासाठी पार्टचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केल्यावर आकडा स्थिरावतो की वाढतच जातो, खऱ्या पार्टवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजच्या मापाशी किती जुळतो, हे विचारतात. बोल्टसाठी व्हीडीआय २२३० आणि फटीगसाठी (वारंवार भार येऊन पार्ट तुटतो त्यासाठी) एफकेएम, या जर्मन गाइडलाइन आत्ताच वाचायला घे.

पण साताऱ्यात तुझ्याकडे एक गोष्ट आहे, जी इथं मला मिळत नाही. तिथं असताना आमच्या एसजी आयर्नच्या (ओतीव लोखंडाच्या) नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या पार्टला, टेस्टमध्ये तडा गेला होता. माझ्या मॉडेलमध्ये ती जागा निळीशार, म्हणजे ताण अगदी कमी. फाउंड्रीच्या फोरमननं तुकडा हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, जाड भाग शेवटी थंड होतोय, हितं श्रिंकेज असणारच. तुमच्या चित्रात हाय का?" नव्हतं. मी सगळा पार्ट एकसारखा भरीव धरला होता, आत श्रिंकेजची पोकळी धरलीच नव्हती. इथं तुटलेल्या पार्टचे फोटो पीपीटीत येतात, दुसऱ्या शहरातल्या लॅबमधून.

ऑफर सर्व्हिस कंपनीची म्हणजे तुला बहुतेक दुसऱ्या कंपनीत भाड्यानं बसवतील. एका ठिकाणी साधारण १८ महिन्यांची कायदेशीर मर्यादा असते. आणि २०२४ पासून इथल्या बड्या सप्लायर कंपन्यांनी नोकरकपातीच्या घोषणा केल्यात, मंदी आली की आधी भाड्याची माणसं घरी जातात.

कागदांचं एकच सांगतो. पासपोर्टात मुलीच्या आणि बायकोच्या पहिल्या नावाच्या रकान्यात तुझं नाव घुसलं असेल तर निघायच्या आधी निस्तर. आमच्या हिच्या विम्याच्या कार्डावर माझं नाव आहे, बँकेत नाही. सरकारदरबारी मला दोन बायका आहेत. लायसन्सही सहा महिन्यांनी चालत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा नव्यानं. यवतेश्वरचा घाट रात्रीचा चढवणाऱ्या मला इथला मास्तर खांद्यावरून मागं बघायला शिकवत होता.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, थंडीत जास्त. म्युनिकला महाराष्ट्र मंडळ आहे. पुढे.

आता मुलगी. दुसरीत आहे म्हणजे तुझ्याकडे फार वेळ नाही. बायर्नमध्ये, म्हणजे इंगोलश्टाट ज्यात आहे त्या राज्यात, पुढची शाळा चौथीतच ठरते. जर्मन, गणित आणि परिसर-विज्ञान या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रिआलशुले (त्याखालची, जास्त व्यवहारी शिक्षणाची). इथं १ म्हणजे सर्वात चांगलं. आमच्या पोराला गणितात १, परिसरात ३, जर्मनमध्ये ४. बेरीज आठ झाली, सात हवी होती. बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, रिआलशुलेतूनही पुढं इंजिनिअर होता येतं. येतं, खरंच येतं, माझ्या टीममध्येच तसे दोघं आहेत. तरी पालकसभेतून घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. गणितात पहिला असलेला पोरगा साताऱ्यात असता तर दहाव्या वर्षी त्याला कुणी बाजूला काढलं असतं का? आई अजून फोनवर विचारते, "त्याला कुठली शाळा मिळाली म्हणालास?" मी दरवेळी विषय बदलतो. तो मात्र खुशाल आहे, लेथवर काम शिकायचंय म्हणतो. त्याचं ऐकून मला आनंद व्हायला हवा, आणि तो पूर्ण होत नाही.

म्हणून तुला यावं की नको, हे मी सांगणार नाही. यायचंच असेल तर मुलीला आजपासून जर्मन लाव, तू स्वतः जर्मनची ए२ ही सुरुवातीची पातळी करत बसलास तरी चालेल. आणि ऑफर लेटरवर कामाचं ठिकाण नेमकं काय लिहिलंय, ते आधी कळव. पगाराचं नंतर बोलू.