धातूच्या लगडी खाली अरुंद आणि वर रुंद का असतात? पूर्वीही त्या तशाच असायच्या का?

फौंड्रीत काम करत असल्याने याचं अर्धं उत्तर रोजच डोळ्यांसमोर असतं. साच्यात ओतलेला वितळलेल्या धातूचा रस गोठताना आकसतो आणि साच्याच्या भिंतींपासून जरासा सुटतो. बाजू उतरत्या असतील तर साचा उलटा केला की लगड आपसूक खाली पडते. बाजू सरळ ठेवल्या तर घण मारत बसावं लागतं. लंडनच्या बाजारात चालणारी साडेबारा किलोच्या आसपासची सोन्याची लगडही म्हणूनच उतरत्या बाजूंची.

उरलेलं अर्धं उत्तर असं, की लगड उचलणार कोण यावरही तिचा आकार ठरत आला. पूर्वी त्या सगळ्याच आजच्यासारख्या नव्हत्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे १९८२ साली एका पाणबुड्याला जुनं बुडालेलं जहाज सापडलं. इसवी सन पूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरचं. त्यात सुमारे १० टन तांबं आणि टनभर कथील होतं. तांब्याच्या ३५४ लगडी चपट्या, चार कोपरे बाहेर ताणलेल्या, सरासरी २४ किलोच्या. ताणून वाळत घातलेल्या बैलाच्या कातड्यासारख्या दिसतात, म्हणून एका लगडीची किंमत एका बैलाएवढी असावी असाही तर्क पूर्वी लढवला गेला. मला तो कधीच पटला नाही आणि आता अभ्यासकांनीही तो सोडून दिलाय. ते कोपरे धरायला, जनावराच्या पाठीवर बांधायला सोयीचे, एवढंच. जहाजात त्या कौलांसारख्या एकीवर एक रचून खाली झाडाच्या फांद्या अंथरल्या होत्या. त्यांच्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या भरलेल्या होत्या, त्यामुळे त्या ठिसूळ होत्या. पण पुढे तोडून वितळवायचंच असल्याने कुणाची तक्रार नसावी!

कच्च्या लोखंडाच्या बाबतीत मात्र हाल माणसांचे झाले. खनिजातून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीतला रस वाळूत कोरलेल्या चरांमध्ये सोडायचे आणि गोठला की गरम वाळूवर उभं राहून घणाने तुकडे तोडायचे. मग ते हाताने उचलून वॅगनमध्ये भरायचे. १८९९ साली अमेरिकेत बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात कामाची पद्धत मोजूनमापून सुधारू पाहणारा अभियंता फ्रेडरिक टेलर याने याच कामाचा अभ्यास केला. एक तुकडा ९२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ४२ किलोचा. एका माणसाचं दिवसाचं काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं, दिवसाची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर केली, असं तो सांगतो. हिशोब केला तर दिवसाला हजाराहून जास्त तुकडे! काम चौपटीच्या जवळ आणि पगार दीडपटीच्या थोडा वर, यात शास्त्र किती हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याने ही गोष्ट बरीच रंगवून सांगितली, असं नंतरच्या संशोधकांनी कागदपत्रं तपासून दाखवलंय. त्याच सुमाराला फिरत्या साखळीवर साचे बसवलेली यंत्रं आली आणि वाळूतलं हे काम हळूहळू मागे पडलं.

पोलादाची लगड टनावारी, त्यामुळे ती क्रेननेच हलवायची. बिडाचा साचा आधी तापवून कोरडा करावाच लागतो. तळाशी थेंबभर पाणी राहिलं तर त्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं आणि रस बाहेर उडतो. दुसरी कटकट आकसण्याची. लगड बाहेरून आत गोठत येते आणि शेवटी मध्यभागी भर घालायला रसच उरत नाही, मग वरच्या टोकाला खोल नळीसारखी पोकळी पडते. तेवढं डोकं कापून पुन्हा भट्टीत टाकावं लागतं. उपाय म्हणून साच्याचं रुंद तोंड वर ठेवतात आणि त्यावर उष्णतारोधक विटांचं कडं बसवतात. तिथला रस सगळ्यात शेवटी गोठतो, त्यामुळे पोकळी त्या डोक्यातच राहते आणि कमी माल वाया जातो.

१९५० नंतर सलग ओतकाम आलं. पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या साच्यातून पोलादाची पट्टी अखंड खाली ओढत राहायची. आज जगातलं ९५ टक्क्यांहून जास्त पोलाद असंच ओततात. जनरेटरच्या रोटरसारख्या (आत फिरणारा भाग) अवजड कामांसाठी मात्र अजून शेकडो टनांच्या लगडी ओततात. त्या चौकोनी नसतात, बाजूंना कंगोरे असतात, म्हणजे गोठताना वरच्या सालीला तडे जात नाहीत. शक्यतो पूर्ण थंड होऊ न देताच त्या फोर्जिंगच्या, म्हणजे दाबून-ठोकून आकार देण्याआधी तापवायच्या भट्टीकडे नेतात.