शेजार मागितल्याने जुळतो

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी आम्ही जत तालुक्यातून सांगलीस आलो. गावभागात, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत आम्ही राहतो. वर अकरा बिऱ्हाडे आणि खाली तीन दुकाने आहेत. बाजारपेठ, घाट, गणपतीचे देऊळ, सारे पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पण इमारतीत कोणाला कोणाचे काही नाही. गेल्या कोजागरीला मी पुढाकार घेऊन गच्चीवर मसाला दूध ठेवले. पाच जण आले आणि अर्ध्या तासात खाली गेले. आजही आम्ही ‘तिसऱ्या मजल्यावरचे नवीन लोक’ आहोत. आणखी काय करावे?
– एक वाचक, गावभाग

उत्तर : पाचच जण आले म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. त्या रात्री तुम्ही यजमान होता आणि बाकीचे पाहुणे होते. पाहुणा दूध पितो, छान झाले म्हणतो आणि घरी जातो. तुमचे संपूर्ण पत्र (येथे त्याचा संक्षेप दिला आहे) मी दोनदा वाचले. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचे वाण, कोजागरीचे दूध असे तुम्ही काय काय दिले ते सारे त्यात आहे, मात्र या तीन वर्षांत कोणाकडे काही मागितल्याचा एकही उल्लेख नाही. माझ्या मते खरी अडचण तेथे आहे.

लग्नानंतर मी याच भागातील एका वाड्यात राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरातले दही संपले आणि विरजणासाठी समोरच्या आजींचे दार वाजवावे लागले. पाय जड झाले होते. त्यांनी दिलेल्या स्टीलच्या वाटीच्या काठावर त्यांच्या यजमानांचे नाव बारीक अक्षरांत कोरलेले होते. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आईची शिकवण. म्हणून चार दिवसांनी तीत शेंगदाण्याची चटणी घालून दिली. आठवड्याभरात तीच वाटी भरल्या वांग्यासह आमच्याकडे आली. पुढे कित्येक वर्षे ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली, आणि ‘आमची वाटी तुमच्याकडे आहे का हो?’ एवढ्या निमित्ताने दारात उभ्या उभ्या अर्धा अर्धा तास बोलणे होऊ लागले. ज्याच्याकडे आपण काही मागतो, त्याला आपल्या घरात काय उणे आहे हे कळते, आणि ओळख तेथूनच वाढते. म्हणून एखाद्या सकाळी विरजण संपले, तर दुकानात जाण्याआधी शेजारचे दार वाजवून पाहा.

गावभागात तर मागण्याजोगी आणखी एक मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे पाण्याची माहिती. कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे पावसाळ्यात सर्वांच्या कानांवर पडते. परंतु पुलाखाली किती फूट झाले की पाणी आपल्या बोळाच्या तोंडाशी येते आणि किती झाले की आपली पायरी बुडते, हे कोणत्याही बातमीत मिळत नाही. ते जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असते. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर त्यांनी पाहिले आहेत. त्यांपैकी 2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तुमच्या इमारतीतील किंवा बोळातील एखाद्या आजोबांना येत्या जूनपूर्वी विचारा, ‘काका, आपल्याकडे किती फुटांना पाणी येते?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी नवीन समजत नाही, कारण येथे राहायचे ठरवलेला माणूसच तो विचारतो. मिळालेला आकडा मीटरच्या खोलीत लिहून लावा. त्याच ओघात जिना उतरण्यासाठी कोणाला धरावे लागते, कोणाची रोजची औषधे चालू आहेत, कोणाच्या घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, हेही विचारून घेता येईल. पुरात वीज बंद केली जाते आणि लिफ्टही थांबते, तेव्हा या माहितीचा उपयोग होतो.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. ‘पूर्वीचा शेजार राहिला नाही’ असे आपण वारंवार ऐकतो. तो शेजार मी अनुभवला आहे आणि त्याविषयी मला प्रेम आहे. परंतु त्याला कुंपणेही होती. आडनाव ऐकून कोणाला ओट्यावर बसवायचे आणि कोणाला स्वयंपाकघरापर्यंत न्यायचे, हे ठरत असे. तुमच्या इमारतीत तीन-चार तालुक्यांतली माणसे एका जिन्याने ये-जा करतात. तेथे जे काही जुळेल, ते त्या कुंपणांवाचून जुळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : आमचे दुकान इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने आहे. गणपतीची वर्गणी आमच्याकडून आधी घेतली जाते, परंतु बैठकीला बोलावत नाहीत. आम्ही शेजारी नाही का?
– एक व्यावसायिक, गणपती पेठ

उत्तर : आहात, आणि वरच्या बहुतेकांपेक्षा अधिक वेळ तुम्ही इमारतीत असता. वरच्यांची पार्सले तुम्ही ठेवून घेता, शाळेतून आलेले मूल जिना चढून गेले की नाही हे तुम्हाला दिसते, आणि पाणी वाढू लागले की पहिली झळ तुमच्या मालाला बसते. भाडेकरू सभासद नसल्यामुळे त्याला मत देता येत नाही, हे खरे. परंतु पाणी, सफाई किंवा उत्सव यांविषयी बोलणे असेल, तेव्हा त्याला बोलावण्यास काहीच आडकाठी नाही. पुढच्या वर्गणीची पावती घेताना सेक्रेटरींना हे नीट सांगा. सोबत एक मागणीही करा : पुराची सूचना आली की पोती आणि खोकी दोन दिवस पहिल्या मजल्याच्या जिन्यात ठेवू द्यावीत. ती वर चढवायला चार हात लागतील. तेही मागा.